कंपनी फी भरते म्हणते, पण मधेच सोडलं तर?

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की बारावी सायन्स झालंय, ७१ टक्के आहेत, सीईटीत काही जमलं नाही, घरी दोन एकर शेती आणि धाकटी बहीण दहावीला. आता कर्ज काढून इंजिनिअरिंग करायचं की बारावीनंतर पोरं घेणाऱ्या एखाद्या आयटी कंपनीत लागायचं, जी नोकरी चालू असताना डिग्री करून देते. मामा म्हणतात बाँडमध्ये (म्हणजे ठरावीक वर्षं थांबायचं, मधे सोडलं तर पैसे भरायचे, या करारात) अडकशील. आणि डिप्लोमावाल्या मित्राला चाकणची एक कंपनी बीई करून देते म्हणते, ते खरं असतं का.

मी पिंपरी-चिंचवड पट्ट्यात एचआर आणि ट्रेनिंगमध्ये वीसेक वर्षं काढली, अशा स्किमा स्वतः चालवल्यात आणि बाँडचे मसुदे कंपनीच्या बाजूने वाचलेत आणि दुरुस्तही केलेत, त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूने काय विचार होतो ते सांगतो. लांबेल जरा, चहा घेऊन बस.

पहिलं म्हणजे कंपनी हे का करते ते बघ. दान म्हणून करत नाही आणि फसवायला पण करत नाही (निदान बऱ्या कंपन्या तरी). फ्रेशर पोरगा घेतला, सहा महिने शिकवला, की तो वर्षभरात दोन-चार हजार जास्तीच्या ऑफरवर उडतो, ही प्रत्येक कंपनीची रड आहे. डिग्री चालू असेल तर तो तीन-चार वर्षं हलत नाही आणि पगारही कमी चालतो. म्हणजे जी फी 'कंपनी भरते' ती बऱ्यापैकी तुझ्याच पगारातून कापलेली असते, फक्त ती तुझ्या हातात न येता थेट विद्यापीठाला जाते. यात वाईट काही नाही, पण हे डोक्यात ठेवून हिशोब केला पायजे. आणि म्हणून मी प्रत्येक पोराला एकच प्रश्न विचारायला लावतो: दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मी सोडलं, किंवा त्यांनी मला काढलं, तर माझ्या हातात काय उरतं आणि माझ्याकडून काय घेतलं जातं? याचं उत्तर कागदावर मिळालं की बाकीच्या ऐंशी टक्के शंका आपोआप मिटतात.

आता खरी उदाहरणं घेऊ. एचसीएल या आयटी कंपनीचा टेकबी नावाचा प्रोग्राम आहे, बारावीत गणित किंवा बिझनेस मॅथ्स असलेल्या पोरांसाठी. वर्षभर ट्रेनिंग, त्यात आधी क्लासरूम आणि मग प्रत्यक्ष प्रोजेक्टवर इंटर्नशिप, इंटर्नशिपमध्ये महिन्याला १०,००० च्या आसपास स्टायपेंड, आणि मग पूर्ण नोकरी, वर्षाला साधारण १.७ ते २.२ लाखांच्या घरात. नोकरी लागल्यावर बिट्स पिलानी, शास्त्र (SASTRA), अमिटी असल्या विद्यापीठांतून डिग्री, तिची फी कंपनी काही अंशी किंवा पूर्ण भरते. इथे लोक एक गोष्ट वाचतच नाहीत: ट्रेनिंगची स्वतःची फी असते, ती बरेच जण कर्ज काढून भरतात आणि नोकरी लागल्यावर पगारातून हप्ते फेडतात. आकडे दर बॅचला बदलतात, म्हणून ज्या वर्षी तू जाशील त्या वर्षीचा कागद वाच, तुझ्या गावातल्या दोन वर्षं सीनिअर पोराचा नको.

दोन लाख वर्षाला म्हणजे पीएफ वगैरे जाऊन हातात पंधरा हजाराच्या आसपास. नागपूरला मिहानमध्ये त्यांचा कॅम्पस आहे, पण पोस्टिंग तिथेच मिळेल असं धरून चालू नकोस, नोएडा, चेन्नई, लखनऊ काहीही निघू शकतं. कॉटबेसिसवर राहिलास, मेस लावलीस, हप्ता गेला, की घरी पाठवायला काय उरतं ते तूच बघ. घरी पैसे पाठवायच्या हेतूने जाणार असशील तर पहिली दोन वर्षं तो हेतू विसर. घरावर बोजा न टाकता शिकायचं एवढाच हेतू असेल तर मात्र ही गोष्ट जमणारी आहे, आणि एकवीस-बाविसाव्या वर्षी तीन वर्षांचा अनुभव आणि हातात डिग्री हे कॉम्बिनेशन मी इंटरव्ह्यूला बसलो असताना कधीही हलकं धरलेलं नाही.

दुसरा मोठा प्रोग्राम विप्रोचा, पण तो बारावीनंतर नाही, बीसीए किंवा बीएस्सी झाल्यावर. नोकरी करता करता एमटेक, फी कंपनीची. १९९५ मध्ये बिट्स पिलानीबरोबर सुरू झालेली ही परंपरा आहे, म्हणजे पुरेशी जुनी आणि घोटवलेली. अलीकडच्या जाहिरातींत पहिल्या वर्षी महिना १५,०००, मग १७,०००, १९,००० आणि चौथ्या वर्षी २३,००० असा स्टायपेंड, वर ७५,००० जॉइनिंग बोनस, आणि साठ महिन्यांचा करार, मधे सोडलं तर तो बोनस राहिलेल्या महिन्यांच्या प्रमाणात परत. आता बेरीज कर: चार वर्षांचे ८ लाख ८८ हजार, अधिक ७५ हजार, म्हणजे साडेनऊ लाखाच्या वर. समजा तोच बीसीएवाला बाहेर वर्षाला तीन लाखावर लागला आणि पगार अजिबात वाढला नाही असं धरलं तरी चार वर्षांत बारा लाख. फरक अडीच लाखाच्या आसपास, पगार वाढत गेला तर अजून जास्त. हीच तुझ्या एमटेकची खरी किंमत. महाग आहे का? ज्याला बाहेर तीन लाखाची ऑफर खरंच मिळत होती त्याला विचार करण्यासारखी आहे, ज्याला मिळतच नव्हती त्याच्यासाठी स्वस्त आहे. ही बेरीज पोरं करत नाहीत, 'फ्री एमटेक' वाचून खुश होतात किंवा 'पाच वर्षं' वाचून घाबरतात.

बाँडबद्दल आता सविस्तर, कारण मामांची भीती अगदीच बिनबुडाची नाहीये.

कुठलीही कंपनी तुला जबरदस्तीने कामावर बसवू शकत नाही. कोर्टसुद्धा 'जा, पाच वर्षं काम कर' असा हुकूम देत नाही, भारतात वैयक्तिक नोकरीचे करार अशा पद्धतीने राबवले जात नाहीत. कंपनी मागू शकते ते पैसे. आणि पैसे किती, तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कागदावर लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, त्याच्या आत कोर्टाला वाजवी वाटेल तेवढी भरपाई. म्हणजे बाँडवर पाच लाख लिहिलेत आणि कंपनीने तुझ्यावर साठ हजारच खर्च केलेत तर पाच लाख सहज मिळतील असं नसतं. पण 'बाँड कायद्याने चालतच नाही' असं जे पोरं एकमेकांना छातीठोकपणे सांगतात तेही चूक. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या केसमध्ये तीन वर्षं आणि दोन लाखांचा बाँड वैध धरला, नोकरी चालू असतानाच्या काळापुरती अशी अट म्हणजे धंद्यावर बंदी होत नाही असं सांगितलं. तिथे मुद्दा सरकारी बँकेच्या भरतीच्या खर्चाचा होता, खाजगी कंपनीला आपला खर्च दाखवावा लागेलच, पण वारं कुठल्या दिशेला आहे ते समजून घे.

याच्या कितीतरी आधीची १९६७ ची केस तर आपल्या कल्याणची आहे. सेंच्युरी कंपनीने टायर कॉर्डच्या प्लँटसाठी एका माणसाला परदेशी तंत्राचं ट्रेनिंग दिलं, पाच वर्षांचा करार होता, तो मधेच सोडून राजस्थानात स्पर्धक कंपनीत गेला, आणि सुप्रीम कोर्टाने कराराच्या उरलेल्या काळापुरती स्पर्धकाकडे काम न करण्याची अट मान्य केली. एचआरच्या कोर्सला आजही ही केस शिकवतात.

मग एक गंमत. तू बारावी झालास म्हणजे कदाचित अजून अठराचा नसशील. अठरा पूर्ण नसताना केलेला करार कायद्याने मुळातच उभा राहत नाही. कंपन्यांना हे माहीत असतं, म्हणून एकतर त्या अठरा पूर्ण होईपर्यंत थांबतात किंवा वडिलांची, मामांची जामीनदार म्हणून सही घेतात. त्यामुळे अडकायचं कोण याचं उत्तर कधी कधी मामाच असतं. जामीनदाराच्या सहीखाली रक्कम लिहिली आहे का आणि ती दरवर्षी कमी होत जाते का, हे बघितल्याशिवाय घरातल्या कोणाची सही देऊ नकोस. चांगल्या बाँडमध्ये रक्कम उतरती असते, पहिल्या वर्षी पूर्ण, नंतर महिन्याच्या हिशोबाने घटत जाणारी. शेवटच्या महिन्यातही पूर्ण रक्कम मागणारा बाँड दिसला तर सरळ विचार, हे बदलाल का म्हणून. विचारल्याने ऑफर जात नाही. गेली तर बरंच झालं.

दोन गोष्टी मात्र काहीही झालं तरी द्यायच्या नाहीत. ओरिजिनल मार्कशीट आणि लिव्हिंग सर्टिफिकेट: बघायला दाखव, झेरॉक्स दे, ओरिजिनल संध्याकाळी परत घरी आलं पायजे. आणि सही केलेला कोरा चेक. बाँडचा वाद दिवाणी असतो, वर्षानुवर्षं चालतो, त्यात कोणी जेलमध्ये जात नाही, पण तुझा कोरा चेक रक्कम भरून बँकेत टाकला आणि तो परतला की चेक बाउन्सचं कलम १३८ लागतं आणि तो फौजदारी मामला होतो. मग खरं देणं किती होतं हे सिद्ध करत तू कोर्टाच्या चकरा मारत बसशील. 'सगळेच देतात, फॉर्मॅलिटी आहे' असं सांगणारा माणूस स्वतःचा कोरा चेक कधी देत नाही, बघ विचारून.

बाँड झाला, आता डिग्री. माझ्या मते जास्त नुकसान इथे होतं आणि याबद्दल कोणी बोलतच नाही. डिग्रीवर नाव कोणत्या विद्यापीठाचं येणार, तुझा रजिस्ट्रेशन नंबर विद्यापीठाच्या पोर्टलवर दिसतो का, फीची पावती कोणाच्या नावाने निघते, आणि सर्वात महत्त्वाचं, नोकरी सुटली तर स्वतः फी भरून तोच कोर्स पुढे चालू ठेवता येतो का? काही कोर्स फक्त त्या कंपनीच्या बॅचसाठीच बनवलेले असतात, तू कंपनीतून बाहेर तर कोर्समधूनही बाहेर. ज्यांनी बाँडचे पैसेही भरले आणि ज्यांची अर्धी डिग्रीही गेली अशी पोरं माझ्यासमोर रिझ्युमे घेऊन बसलेली आहेत, आणि त्या रिझ्युमेवर 'पर्स्युइंग' हा एकच शब्द तीन वर्षं तसाच असतो. आता नवीन शैक्षणिक धोरणात क्रेडिट बँक आहे, म्हणजे पास केलेल्या विषयांचे क्रेडिट तुझ्या खात्यावर जमा राहतात, एका वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं, पण ते तुझ्या कोर्सला लागू आहे का आणि क्रेडिट तुझ्या खात्यावर खरंच चढतायत का ते पहिल्याच सेमिस्टरला तपास, सोडायच्या दिवशी नको.

आणि मान्यता. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने काही अभिमत विद्यापीठांनी डिस्टन्सने दिलेल्या इंजिनिअरिंगच्या डिग्र्यांवर गदा आणली होती, त्यात किती नोकरीवाल्या माणसांची प्रमोशनं लटकली विचारू नकोस, कारण ही डिग्री घेणारे मुख्यतः नोकरीवालेच होते. तुझ्या मित्राला हे नीट सांग. बीई किंवा बीटेक डिस्टन्सने होत नाही, कोणी कितीही मोठ्या बोर्डाखाली सांगितलं तरी. नोकरी करून करायचं असेल तर एआयसीटीईने (तांत्रिक शिक्षणाची केंद्रीय परिषद) २०२३-२४ पासून वर्किंग प्रोफेशनल्ससाठी वेगळी सोय केलीय, डिप्लोमावाल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, वर्ग संध्याकाळी किंवा सोयीच्या वेळेत, पण किमान एका वर्षाचा अनुभव पायजे, नोकरी कॉलेजपासून ठरावीक अंतराच्या आत पायजे आणि त्या कॉलेजला त्या बॅचची मंजुरी पायजे. कंपनीने कॉलेजचं नाव सांगितलं की मित्राने मंजुरीचं पत्र बघायचं, तेवढं केलं की अर्धं काम झालं. बीए, बीकॉम, बीसीए मात्र डिस्टन्स किंवा ऑनलाइन चालतं, विद्यापीठाला यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) त्या कोर्ससाठी मान्यता असेल तर ती डिग्री रेग्युलरच्या बरोबरीची धरली जाते, एमपीएससीलाही चालते.

यावरून एक तिसरा रस्ता, जो तुझ्या प्रश्नात नाहीये. कुठलीही बरी नोकरी धर, आणि नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून स्वतःच्या पैशाने डिग्री कर. ते १९८९ पासून याचसाठी आहे. इंजिनिअरिंगच्या तुलनेत फी किरकोळ आहे, बाँड नाही, जामीनदार नाही, नोकरी बदलली तरी डिग्री चालू. कंपनीने भरलेल्या फीपेक्षा स्वतः भरलेली किरकोळ फी कधी कधी स्वस्त पडते ती अशी. आयटीत जायचंच असेल तर याने थेट दार उघडत नाही हे मान्य, पण नुसती डिग्री पायजे असणाऱ्यांनी उगाच पाच वर्षं गहाण टाकू नयेत.

इंजिनिअरिंगच्या कर्जाचा निर्णय घेण्याआधीही एक बघ. तू ओपनमध्ये असशील आणि घरचं उत्पन्न आठ लाखाच्या आत असेल तर कॅपमधून (शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून) प्रवेश घेतल्यावर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत निम्मी ट्यूशन फी सुटू शकते, इतर प्रवर्गांसाठी वेगळ्या योजना आहेत, सगळं शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर. आणि बहिणीसाठी तर आत्ताच लक्षात ठेवा: जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न आठ लाखाच्या आत असेल तर, व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. सीईटी पुन्हा द्यायची हिंमत असेल तर एक वर्ष आणि हा हिशोब दोन्ही एकत्र मांडून बघ, कर्ज वाटतं तेवढं मोठं राहत नाही कदाचित.

'कमवा आणि शिका' नावाच्या बोर्डांबद्दल जरा जपून. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९४७ ला छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते याच विचाराने, पोरगं श्रम करून स्वतःच्या पायावर शिकेल म्हणून, आणि त्यावर आपल्याकडच्या कित्येक घरांची पहिली डिग्री उभी आहे. आज तेच नाव घेऊन चाकण, रांजणगावच्या पट्ट्यात असले कोर्स पण चालतात जिथे पोरं लाइनवर रोज बारा तास उभी असतात, शिकवायला आठवड्यातून एकदा कोणीतरी येतं, आणि कागदावर ती कामगार नसतात, ट्रेनी असतात. म्हणून जॉइन होताना विचार की मी एम्प्लॉयी आहे, ट्रेनी आहे की अप्रेंटिस. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे, त्यात स्टायपेंडची किमान रक्कम ठरलेली असते, पण अप्रेंटिस हा कामगार धरला जात नाही, त्यामुळे पीएफ नाही आणि संपल्यावर कंपनीने कायम घ्यायलाच पायजे असंही नाही. अप्रेंटिसशिप जोडलेल्या डिग्र्या यूजीसीने आता रीतसर आणल्यात, त्या वाईट नाहीत, उलट कोअर इंडस्ट्रीत जायचं तर चांगल्या आहेत, फक्त तुला त्या वर्षांचा पीएफ आणि सर्व्हिस मिळणार असं कोणी सांगितलं असेल तर ते खोटं आहे.

बऱ्याच मॅन्युफॅक्चरिंग कंपन्या फी आधी भरत नाहीत, पास झाल्यावर परत देतात. म्हणजे सेमिस्टरची फी तू भरायची, निकाल लागला की मार्कशीट आणि पावती एचआरला द्यायची, मग दोन पगारांनंतर पैसे येतात. एटीकेटी लागली, म्हणजे विषय राहिला, तर त्या विषयाचे नाहीत, आणि डिग्री मिळाल्यावर अमुक वर्षं थांबायचं, नाहीतर नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशोबातून (फुल अँड फायनल) कापून घेतात. तुझ्या मित्राचं हेच असणार बहुतेक. त्याला सांग, पहिल्या सेमिस्टरच्या फीची सोय आधी कर, आणि पॉलिसीत वर्षाची कमाल रक्कम किती आहे ते बघ, कारण 'कंपनी बीई करून देते' हे वाक्य सुपरवायझरचं असतं आणि पॉलिसीत कधी कधी निम्मीच फी असते.

शेवटी वेळेचं बोलतो, कारण पोरं सोडतात ती बाँडमुळे किंवा पैशामुळे कमी, थकल्यामुळे जास्त. आयटीत शनिवारी लेक्चर आणि शुक्रवारी रात्री सॉफ्टवेअरचं रिलीज, प्लँटमध्ये सेकंड शिफ्ट रात्री साडेअकराला सुटते आणि सकाळी प्रॅक्टिकल. महिनाअखेरीला डिस्पॅच असतो तेव्हा कुठलाही सुपरवायझर परीक्षेची सुट्टी आनंदाने देत नाही, तो वाईट माणूस आहे म्हणून नव्हे, त्याच्यावरही टार्गेट असतं. म्हणून ऑफर घेताना एचआरला एक साधा मेल टाक: परीक्षेच्या दिवसांची रजा पगारी की बिनपगारी, वर्षाला किती दिवस, लेक्चरच्या दिवशी शिफ्ट कोणती, आणि प्रोजेक्ट किंवा लोकेशन बदललं तर लेक्चरचं काय. उत्तर मेलवरच माग, फोनवर नको. मी स्वतः अशा मेलला उत्तर देताना चार वेळा विचार करायचो, आणि दिलं की मग ते पाळावं लागायचं.

तुझ्यापुरतं विचारशील तर, ट्रेनिंगच्या फीचा हप्ता वजा जाऊन हातात राहायला-खायला पुरेल एवढं उरत असेल, बाँडची रक्कम उतरती असेल आणि नोकरी सुटल्यावर डिग्री पुढे नेता येत असेल, तर मी जा म्हणेन. यातलं तिसरं नसेल तर सीईटी पुन्हा दे. ऑफर लेटर आलं की नाव-पत्ता खोडून बाँडचं पान आणि फीचं पान टाक, वाचून सांगतो.